ग्रामपंचायतीचं पत्र जोडलं तरी एथिक्स कमिटीने प्रोटोकॉल परत का पाठवला?

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतून पीएचडी करणाऱ्या एका मुलीने विचारलंय की तिचा विषय आहे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडच्या वारली आणि कातकरी बायकांची बाळंतपणं, सुईणी कुठला झाडपाला वापरतात, बाळंतिणीला काय खायला घालतात वगैरे, आणि विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीने (माणसांवरचं संशोधन नैतिक आहे का हे तपासणारी समिती) प्रोटोकॉल, म्हणजे संशोधनाचा लेखी आराखडा, दुसऱ्यांदा परत पाठवलाय. ग्रामपंचायतीचं पत्र आहे, मराठीत संमतीपत्र आहे, नावं बदलणार आहे, रक्तबिक्त काही घ्यायचं नाहीये, नुसत्या मुलाखती, मग अडतंय कुठे? गाइड म्हणतात फॉर्मॅलिटी आहे, दोन वाक्यं वाढव आणि पाठवून दे. आणि पायलट म्हणून, म्हणजे चाचणीदाखल, सहा मुलाखती आधीच झाल्यात, त्या वापरता येतील का.

मी सोळा-सतरा वर्षं अशा कमिट्यांवर बसतेय, त्याआधी दहाएक वर्षं स्वतः फील्डवर होते, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकते. वयाने मोठी आहे म्हणून सरळ तू म्हणतेय, राग मानू नकोस.

आधी तुझ्या गाइडचं. ते अगदीच चूक नाहीत. एका बसण्यात वीस-बावीस प्रपोजलं असतात, तीन तास, मधे चहा आणि कोणाचं तरी 'मला पाचची लोकल पकडायचीय', म्हणजे एका प्रपोजलला आठ मिनिटं, आणि त्यातली पाच संमतीपत्रातल्या शुद्धलेखनावर जातात हे मी डोळ्यांनी बघितलंय (चुका मी पण काढल्यात, खोटं कशाला बोलू). टेबलाभोवती डॉक्टर, वकील, समाजशास्त्रवाले, एक सामान्य नागरिक म्हणून निवृत्त बँकवाले काका, सगळे असतात, पण आदिवासी माणूस मी इतक्या वर्षांत दोनदा बघितला. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) 2017 च्या गाइडलाइन्समध्ये गरजेप्रमाणे त्या समाजाचा प्रतिनिधी बोलावायची सोय आहे, बोलावतं कोण. तरीही तुझा कागद दोनदा परत आलाय म्हणजे कोणीतरी तो खरंच वाचलाय, हे चांगलं लक्षण समज.

आता मुद्दा. कमिटीचे शेरे तू चिकटवलेस ते सगळे वाचले, समुदायाची परवानगी, ध्वनिमुद्रणाचं काय करणार, वनस्पतींची नावं, निष्कर्ष परत कसे देणार. वरवर चार वेगळे शेरे वाटतात, पण माझ्या मते प्रश्न एकच आहे, की या सगळ्यात पाड्यावरच्या बाईला नाही म्हणायची जागा कुठे आहे, आणि ती नाही म्हणाली तर तू नक्की काय करशील. तुझ्या अठ्ठावीस पानांत हो म्हणायची व्यवस्था जागोजागी आहे, नाही म्हणायची फक्त एका ओळीत, 'सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर माघार घेऊ शकते'. कशी घेणार? खाली कमिटीच्या सदस्य सचिवांचा लँडलाइन नंबर दिलायस, वेळ सकाळी 11 ते 4. मोखाड्यातली कातकरीण मुंबईच्या लँडलाइनवर फोन करून सांगणार का की मॅडम माझं रेकॉर्डिंग काढून टाका? तिथे रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं गं.

ग्रामपंचायतीच्या पत्राचं सांगते कारण इथे सगळ्यांचाच गोंधळ होतो. जव्हार-मोखाडा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं आदिवासी क्षेत्र, म्हणजे पेसा लागू, अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा कायदा आणि महाराष्ट्राचे नियम 2014 चे. तिथे ग्रामसभा म्हणजे पंचायतीच्या ऑफिसात बसलेले सरपंच-ग्रामसेवक नव्हेत, आपली वस्ती, आपला पाडा, तिथल्या मतदारांची सभा. एका पंचायतीत आठ-दहा पाडे असतात आणि सरपंच कधीकधी ज्या पाड्याचा असतो तिथून तुझ्या पाड्यावर वर्षातून दोनदा जातो. त्याने लेटरहेडवर शिक्का मारून दिला तो तुला, मुंबईहून आलेल्या मॅडमला, नाही कसं म्हणायचं म्हणून. आता कोणी म्हणेल की संशोधनाला ग्रामसभेची परवानगी लागतेच असं पेसात कुठे लिहिलंय? शब्दशः नाही लिहिलेलं, बरोबर. पण तुझा विषय झाडपाल्याचा आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3 मध्ये जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा सामूहिक हक्क सरळ मान्य केलाय. हक्क समुदायाचा म्हटल्यावर एकट्या सरपंचाला, किंवा एकट्या सुईणीला, तो तुला देता येत नाही.

पण म्हणून ग्रामसभेचा ठराव आणला की झालं असंही नाही. सभेत बोलणारे बहुतेक बाप्ये, विषय बाळंतपणाचा! आणि कातकऱ्यांचं घोडं वेगळंच, त्यांची घरं बऱ्याचदा गावाच्या कडेला, दुसऱ्याच्या जागेत, महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित गटात धरल्यात (कातकरी, कोलाम, माडिया गोंड) त्यातली ही एक, आणि वारली बहुसंख्य असलेल्या सभेत कातकरी कोपऱ्यात उकिडवे बसतात आणि मान डोलावतात. तेव्हा सभेने नाही म्हटलं तर तू थांबायचंस, पण सभा हो म्हणाली म्हणून एखाद्या बाईचा हो धरायचा नाही. तिला वेगळं विचारायचं, आणि कातकरी वाडीवर वेगळं बसायचं. आयसीएमआरच्या गाइडलाइन्सचंही म्हणणं हेच, की समुदायाची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीच्या जागी चालत नाही.

संमतीपत्रावर जरा जास्त लिहिते कारण इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत.

नव्वदीच्या शेवटी मी एका संस्थेच्या पोषण सर्वेत काम करायचे, त्याच भागात. 1992 ला वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली, त्यानंतर तिकडे सर्वेवाल्यांची रीघच लागली होती, त्यातलीच आमची एक टीम. पहाटेची कसारा गाडी, पुढे जीप, पुढे चालत. एका ओसरीवर मी बसले, मांडीवर फॉर्म, शेजारी निळं स्टॅम्प पॅड. समोर एक बाई, कडेवर बाळ. मी वाचायला सुरुवात केली, 'सदर अभ्यासाचा उद्देश असा की', दुसऱ्या ओळीवर होते आणि बाईने डावा अंगठा पॅडवर दाबून कागदावर उठवला पण. मग अंगठा कुडाच्या भिंतीला पुसला, त्या भिंतीवर आधीच निळे डाग होते चार-पाच, आणि मला म्हणाली, घरकुलात नाव लागंल ना आता?

मी काय केलं असेल? हसले, म्हटलं बघू, आणि पुढचा प्रश्न विचारला. तो फॉर्म फाइलला लागला, 'माहितीपूर्ण संमती' म्हणून. त्या दिवशी तसले 19 फॉर्म झाले आणि आमच्या सुपरवायझरने शाबासकी दिली.

तो अंगठा संशोधनाला नव्हताच. जंगलपट्टीत अंगठ्याला मोठा इतिहास आहे, सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन गेली ही गोष्ट प्रत्येक पाड्यावर कोणीतरी आजोबा सांगतील. दुसरीकडे रेशन, रोजगार हमी, घरकुल, सगळं अंगठ्यानेच मिळतं. म्हणजे कागद पुढे आला की एक तर भीती नाहीतर आशा, तिसरं काही नाही. आणि तू तिथे साडेतीन पानांचं संमतीपत्र घेऊन जाणार, ज्यात 'स्वेच्छेने', 'गोपनीयता', 'प्रतिकूल परिणाम' असले शब्द, जे माझ्या दादरच्या आत्यालाही दोनदा वाचावे लागतील. वारली बोली वेगळी, कातकऱ्यांची वेगळी, त्यातून हे सरकारी मराठी.

लेखी सही-अंगठ्याचा हट्ट सोड. गाइडलाइन्समध्ये तोंडी संमतीची सोय आहे, निःपक्षपाती साक्षीदार ठेवून, नीट कारण लिहिलं तर कमिटी मान्य करते. काय बोलणार ते बोलीत तयार कर, पाड्यावरच्याच कोणाकडून, दोन-तीन मिनिटांचं. त्यात पहिलं वाक्य हे की यातून घरकुल, रेशन, पैसे, डॉक्टर काही मिळणार नाही, आणि नाही म्हणालात तर काही बंद होणार नाही. मग तिला विचार की मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग. ती जर म्हणाली की तुम्ही दवाखान्यातून आलात, तर त्या दिवशी मुलाखत नाही. आणि दोन फेऱ्यांत कर, आज सांगायचं, आठ दिवसांनी विचारायचं. त्या आठ दिवसांत ती नवऱ्याशी, सासूशी, शेजारणीशी बोलते, आणि दुसऱ्या फेरीला ती शेतावर 'गेलेली' असेल तर तो नकार आहे हे समजून घ्यायचं, तिला शेतावर गाठायचं नाही. आपल्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत, घरी नसतात. हे वाक्य प्रोटोकॉलमध्ये घाल खरंच, 'दोन वेळा भेट न झाल्यास नकार समजण्यात येईल'. मी तुझ्या कमिटीवर असते तर ह्या एका वाक्यावर पास केलं असतं.

कोणाबरोबर जाणार हेही बघ. तू लिहिलंयस की आशाताई घरोघरी घेऊन जातील. आशाताई चांगल्याच असतात पण लसीकरण, प्रसूतीचे पैसे, रेफरल सगळं त्यांच्या हातात, त्यांनी आणलेल्या पाहुणीला गरोदर बाई नाही म्हणेल? 2009-10 मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात एचपीव्ही लशीचा (गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची) अभ्यास झाला, त्यात बऱ्याच आदिवासी मुली होत्या, आणि आंध्रात कित्येक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने, हेडमास्तरांनी सह्या केलेल्या. अभ्यास थांबवावा लागला आणि 2013 मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तिथे वॉर्डन, तुझ्याकडे आशाताई. ओळख करून द्यायला त्यांना घेऊन जा, संमतीच्या वेळी त्या नकोत.

'रक्त घेत नाही, नुसत्या मुलाखती' यावर. रक्ताचं प्रकरण लोकांना पटकन कळतं. अमेरिकेत ग्रँड कॅनियनमधली हवासुपाई जमात, 1990 पासून एका विद्यापीठाने त्यांचं रक्त घेतलं, लोकांना वाटलं मधुमेहासाठी, पण तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया, नात्यातली लग्नं, जमात मुळात कुठून आली असल्या अभ्यासांना वापरले. कळलं कसं तर 2003 साली जमातीतली एक बाई तिथे एका पीएचडीच्या सादरीकरणाला बसली होती! कोर्टकज्जे होऊन 2010 मध्ये तडजोड झाली, 41 लोकांना मिळून 7 लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत. त्यांना पैशापेक्षा झोंबलं ते हे, की आम्ही ह्याच दरीतून जन्मलो ही त्यांची श्रद्धा आणि त्यांच्याच रक्तावरून लिहिलं गेलं की तुम्ही आशियातून चालत आलात.

आता तुझं रेकॉर्डिंग त्या रक्तासारखंच आहे की. सुईण तुला सांगणार की वार पडत नसेल तर अमुक मुळी, दूध यायला तमुक पाला. ते ऑडिओ विद्यापीठाच्या ड्राइव्हवर, मग तुझ्या गाइडच्या पुढच्या प्रोजेक्टला, मग कुठल्या फार्मसी कॉलेजच्या कोलॅबरेशनला. जैवविविधता कायदा 2002 चा, 2023 ला बदलला, त्यात ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला बऱ्यापैकी सूट मिळाली, पण सुईणीचं ज्ञान कुठल्या ग्रंथात आहे? ते तिच्या डोक्यात, आणि एकदा तुझ्या प्रबंधात झाडाचं स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुठला भाग, किती घ्यायचा असं छापून आलं की ते सगळ्या जगाचं झालं. परत घेता येत नाही.

केरळातल्या काणी लोकांचं उदाहरण सगळे देतात, 1987 साली अगस्त्यमलाईच्या डोंगरात वाटाड्यांनी संशोधकांना आरोग्यपच्चा नावाची वनस्पती दाखवली, तिरुवनंतपुरमजवळच्या संशोधन संस्थेने त्यातून 'जीवनी' औषध काढलं आणि लायसन्स फी-रॉयल्टीतला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरलं, 1997 मध्ये ट्रस्ट झाला. जगभर कौतुक झालं. पण नीट वाचलं तर तिथेही बाकीच्या भागातले काणी म्हणाले आम्हाला कोणी विचारलं, दोघा-तिघांनी दाखवलं म्हणजे सगळ्यांनी दिलं का. चांगल्यात चांगल्या उदाहरणातही हा प्रश्न सुटलेला नाही, तेव्हा तू दोन ओळींत सोडवशील अशी कमिटीची अपेक्षा नसणार. अपेक्षा एवढीच की तू तो बघितलायस.

तुझ्या विषयाला औषधाची कृती लागतेच का हा विचार कर. तुला सुईण आणि सरकारी दवाखाना यांच्यातलं नातं अभ्यासायचंय ना, मग 'काही मुळ्या दिल्या जातात' एवढ्यावर प्रबंध अडणार नाही. झाडाचं नाव छापायचं की नाही हे सुईणीला आणि सभेला विचार, हो म्हणाले तर आधी पंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत (गावातली झाडं-प्राणी आणि त्यांबद्दलचं ज्ञान नोंदवायची वही) त्यांच्या नावाने जाऊ दे, मग तुझ्या प्रबंधात. कमीत कमी क्रम तरी बरोबर राहील.

नावं बदलण्याचंही तसंच. 'मोखाडा तालुक्यातील 40 घरांचा पाडा, एकमेव सुईण, वय साधारण सत्तर', मग तिचं नाव शांती ठेव नाहीतर सुमन, तालुक्यातला कंडक्टरसुद्धा ओळखेल कोण ते. आणि घरी बाळंतपण केलं म्हणून आरोग्य खात्याकडून तिलाच ऐकून घ्यावं लागेल. पाडा लपव, तालुकाही लपव, दोन-तीन सुईणींचं मिळून लिही. उलटंही होतं बरं का, एका आजीने मला ठणकावलं होतं की माझं नाव का बदलता, मी काय चोरी केली का. तिचंही ऐकायला हवं, तो पर्याय ठेव.

बाहेरच्या गाइडलाइन्स (कॅनडाच्या तिथल्या मूळनिवासींवरच्या प्रकरणासारख्या) तू उतरवून काढल्यात ते कळतंय, तिथे भाषा एकदम बदललीये. वाचायला हरकत नाही, दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी 2017 मध्ये स्वतःच संशोधकांसाठी आचारसंहिता काढली ती तर जरूर वाच, छोटी आहे आणि कमिटीने नाही, लोकांनी लिहिलेली आहे. पण 'इंडिजिनस' शब्दाची आपल्याकडे गंमत आहे, 2007 ला मूळनिवासींच्या हक्कांवरच्या युनोच्या जाहीरनाम्याला भारताने बाजूने मत दिलं आणि वर भूमिका अशी की इथले सगळेच मूळनिवासी. त्यामुळे त्या जाहीरनाम्याच्या नुसत्या आधारावर कमिटीपुढे भांडू नकोस, पेसा आणि वनहक्क कायदा तुझ्याकडे आहेत, ते वापर.

निष्कर्ष परत देण्याबद्दल तू लिहिलंयस 'शोधनिबंधाची प्रत ग्रामपंचायतीस देण्यात येईल'. इंग्रजी निबंध. पंचायतीच्या कपाटात. असो. आरे कॉलनीतल्या एका पाड्यावर (इथे गोरेगावात, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागून) मेट्रो कारशेडच्या आंदोलनानंतर कॉलेजची पोरं एवढी येऊन गेलीत की लोक मुलाखत पाठ म्हणतात. तिथल्या एका आजोबांनी मला विचारलं, मागल्या वर्षीची पोरं कुठं गेली, माझा बैलासंगं फोटो देतो म्हणाली होती. बैल मेला त्यांचा मधे. फोटो कोणाच्या तरी असाइनमेंटमध्ये असेल. तर तुझ्या बजेटमध्ये परतीच्या दोन फेऱ्या टाक, एक मसुदा सांगायला, बोलीत, पाड्यावर बसून, आणि एक शेवटी, रेकॉर्डिंगच्या प्रती ज्याच्या त्याला द्यायला. पेन ड्राइव्ह नको, मेमरी कार्ड चालतं त्यांच्या फोनमध्ये. मसुदा ऐकून कोणी म्हणालं हे काढा, तर ते काढायचं, ती तारीख संमती घेतानाच सांगून ठेव.

पैसे द्यायचे का, हो, बुडालेल्या मजुरीइतके, किती ते सभेत ठरव, लपूनछपून कोणाच्या हातात नोट नको.

सहा मुलाखतींचं उत्तर तुला आवडणार नाही. मंजुरीच्या आधी घेतलेला डेटा मागाहून मंजूर होत नाही, कुठलीच धड कमिटी करणार नाही, आणि 'पायलट' म्हटल्याने तो डेटा नसतो असं होत नाही. कमिटीला स्वतःहून कळव, लपवू नकोस, नंतर व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, बाहेर आलं तर फार वाईट होतं. त्या सहा बायकांकडे परत जा, सांग की तेव्हा मी नीट विचारलं नव्हतं, रेकॉर्डिंग ठेवू की पुसू. मंजुरी आल्यावर त्यांना नव्याने विचार, बोलल्या तर बोलल्या.

आणि वेळापत्रक बदल. तू फील्डवर्क जुलै-ऑगस्ट आणि जानेवारी ते मार्च लावलंयस, कॉलेजच्या सोयीने. जुलैत भाताची लावणी, बाई चिखलात वाकलेली असते, आणि दिवाळीनंतर निम्मे कातकरी उचल घेऊन वीटभट्टीवर भिवंडी-वसईकडे गेलेले असतात, ते पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत जाशील तर वाडीवर म्हातारी माणसं आणि कोंबड्या भेटतील. सप्टेंबरच्या शेवटापासून दिवाळीपर्यंतचा वेळ धर, लावणी संपलेली, भट्टी सुरू व्हायची. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी, गाइडना मी सांगितलंय म्हणून सांग.